जास्वंदीवरचा पांढरा कापूस: पुसला, फवारला, तरी पंधरा दिवसांत परत का येतो?

भांडुपला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. बॉक्स ग्रिलमध्ये अठरा कुंड्या आणि त्यांतल्या पाच जास्वंदीच्या. गेली नऊ वर्षं मी या जास्वंदींवरचा पिठ्या ढेकूण काढते आहे. नर्सरीवाले त्याला मिलीबग म्हणतात. आधी फक्त स्वतःच्या झाडांवरचा काढायचे, आता सोसायटीतल्या निम्म्या घरांतल्याही. गणपतीच्या आधी महिनाभर दाराची बेल याच कामासाठी वाजते. "अगं, झाडाला परत कापूस लागलाय बघ." औषध मारलेलं असतं, कापूस गेलेलाही असतो आणि तरी तो परत आलेला असतो. पहिल्यांदा आलेली कीड काढणं फार अवघड नाही. ती परत का येते, हे शोधायलाच वेळ लागतो. हे लिखाण त्याबद्दल आहे.

लक्षणं

पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात आणि कळीच्या बुडाशी पांढरे, पिठासारखे पुंजके दिसतात. शेंड्याची पानं आखडून चुरगळतात, मूठ आवळल्यासारखा गुच्छ होतो. कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. खालची पानं हाताला चिकट लागतात, कुंडीखालची लादीसुद्धा चिकट होते. काही दिवसांनी त्या चिकट्यावर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी येते. ही बुरशी म्हणजे मूळ रोग नव्हे. ती फक्त त्या गोड चिकट्यावर वाढते, त्यामुळे तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक आणू नका. आणि जवळजवळ नेहमीच खोडावरून मुंग्यांची रांग चालू असते. हे शेवटचं लक्षण लोक सांगतच नाहीत, मला विचारून काढावं लागतं.

फक्त कळ्या गळत असतील आणि बाकी काहीच दिसत नसेल, तर हे प्रकरण वेगळं आहे. मे महिन्यात एक दिवस पाणी चुकलं तरी जास्वंद कळ्या टाकते.

पहिलं काम: तो खरंच पिठ्या ढेकूण आहे का?

खर्च एका टूथपिकचा. पांढऱ्या पुंजक्यात टूथपिक टोचून कागदावर ओढा. कोरडी भुकटी पसरली तर ती बहुधा भुरी, म्हणजे बुरशी. रस निघून ओलसर डाग पडला, पिवळसर किंवा गुलाबीसर, तर आत जिवंत कीड आहे. जास्वंदीचे शेंडे आखडवणाऱ्या एका जातीचा रस चांगलाच गुलाबी निघतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा अंगावर काटा येईल.

नंतर फांदी हलकेच झटका. पांढरे चिलटासारखे जीव उडाले आणि पानाच्या पाठीवर मेणाच्या गोल गोल रेघा दिसल्या, तर ती पांढरी माशी. तिच्यावर यातले काही उपाय चालतील, पण मुंग्यांचा भाग तितका लागू पडणार नाही.

ही तपासणी टाळू नका. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी दोन महिने भुरीवर नीम तेल मारलं आणि "नैसर्गिक उपाय काही कामाचे नसतात" हे मत कायमचं करून घेतलं.

मुंग्या. सगळ्यात आधी मुंग्या.

एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ही करा. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि मागून गोड चिकटा सोडतो. मुंग्यांना तो हवा असतो. गोरेगावच्या तबेल्यात म्हशी सांभाळतात तशा त्या ढेकणांना सांभाळतात. ढेकणांवर अंडी घालणाऱ्या बारीक माश्यांना आणि ढेकणांना खाणाऱ्या ढालकिड्यांना, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्यांना, मुंग्या हुसकावून लावतात. पिल्लं एका फांदीवरून दुसरीवर नेऊन सोडतात असंही होतं. तुम्ही ढेकूण पुसलेत पण मुंग्यांचा रस्ता चालू ठेवलात, तर उरलेल्या दहा-वीस पिल्लांना पहारा मिळाला म्हणून समजा.

रात्री आठ-नऊच्या सुमारास टॉर्च घेऊन बसा आणि रांग कुठून येते ते उलटं शोधत जा. झाडाकडे बघू नका, रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. माझ्या घरी ती एसीच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकातून निघून केबलच्या वायरीवरून ग्रिलवर यायची. तिथून जास्वंदीचं एकच पान ग्रिलला टेकलं होतं, त्या पानावरून झाडावर. कुंडीच्या पायाशी मी हळद टाकत होते, खडू ओढत होते आणि मुंग्या डोक्यावरून ये-जा करत होत्या. ते पान कापलं त्या दिवशी रांग तासभर ग्रिलवर चाचपडत होती.

म्हणून आधी झाड मोकळं उभं करा. भिंत, ग्रिल, दोरी, शेजारची कुंडी, कशालाही पान लागता कामा नये. मग खोडाला जमिनीपासून वीतभर उंचीवर कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि त्या पट्टीवर पेट्रोलियम जेली फासा. जेली थेट सालीला लावू नका. आपल्या हवेतली धूळ आठवड्याभरात त्यावर बसते आणि मुंग्या त्या धुळीवरून चालत जातात, त्यामुळे पट्टी दर आठवड्याला बदलावी लागते. एरंडेल उन्हात ओघळतं, ते नको.

कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवायचा जुना उपाय मुंग्यांवर उत्तम चालतो, पण मुंबईत त्यात एक भानगड आहे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत पोचतो. पावसाळ्यात महापालिकेचे लोक कुंड्यांखालच्या थाळ्या तपासायला घरी येतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस मिळते. थाळी ठेवायचीच असेल तर त्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि दर दोन दिवसांनी पाणी फेकून थाळी घासा. ते जमणार नसेल तर पट्टीच बरी.

मुंग्यांचा खडू मी बंद केला. त्यात कीटकनाशकच असतं आणि पाऊस आला की ते वाहून खालच्या मजल्यावरच्या तुळशीत जातं.

ढेकूण लपलाय कुठे?

हेही फुकटच. झाड स्वच्छ दिसतं आणि पंधरवड्यात पुन्हा भरतं, याचा अर्थ साठा दुसरीकडे आहे. कुंडीच्या वरच्या कडेचा आतला भाग बोट फिरवून बघा. कुंडीचं बूड आणि पाणी जाण्याचं भोक बघा. झाड आधाराला बांधलेल्या सुतळीचा पीळ बघा, ही ढेकणांची आवडती जागा. ग्रिलच्या पट्ट्या जिथे जोडल्यात तिथला गंज लागलेला कोपराही बघा.

मग शेजारी. कढीपत्ता, पेरू, पपई, क्रोटन यांच्या पानांच्या पाठी उलटून बघा. कुंडीत आपोआप उगवलेलं तण उपटा. गाजरगवतावरही तो मजेत राहतो. ढेकणाच्या मादीला पंख नसतात, ती फार लांब जात नाही. पण नुकती जन्मलेली पिल्लं टाचणीच्या टोकाएवढी असतात आणि वाऱ्यावर, मुंग्यांच्या तोंडून, आपल्या कात्रीवरून आणि ओढणीवरूनही प्रवास करतात. मी आता आजारी झाडाचं काम सगळ्यात शेवटी करते. त्यानंतर हात आणि कात्री धुतल्याशिवाय दुसऱ्या कुंडीला हात लावत नाही.

नवीन आणलेलं रोप महिनाभर दुसऱ्या खिडकीत ठेवा. कुठूनही आणलेलं असो, कितीही तजेलदार दिसो. ढेकणाची एक पिढी आपल्या हवेत साधारण महिन्याभरात पुरी होते, तेवढ्या दिवसांत लपलेलं काय ते बाहेर पडतं.

पाण्याचा मारा

झाड लहान असेल तर कुंडी न्हाणीघरात न्या, माती प्लास्टिकच्या पिशवीने झाका आणि हँडशॉवरने पानांच्या पाठी धुवा. नाजूक पिल्लं आणि चिकटा, दोन्ही निघून जातात. साबण किंवा तेल मारण्याआधी हे करायचं कारण असं की चिकट्याचा आणि मेणाचा थर तसाच ठेवून वर फवारलं, तर औषध त्या थरावरच राहतं.

ग्रिलमध्ये उभं राहून पाइपने फवारू नका. मी एकदा केलं होतं. खालच्या काकूंनी वाळत घातलेल्या शाळेच्या गणवेशावर ढेकणांसकट काळं पाणी गेलं. त्या घरी मी अजूनही दर दिवाळीला फराळाचं ताट जरा जास्तच भरून पाठवते.

जुलै-ऑगस्टच्या पावसात ग्रिलच्या बाहेरच्या बाजूची झाडं आपोआप धुतली जातात आणि छज्जाखालची, आतल्या रांगेतली तशीच धूळ खात राहतात. आमच्याकडे ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात कीड पहिल्यांदा दिसते ती याच आतल्या रांगेत. पावसात आठ दिवसांनी कुंड्यांच्या जागा बदलल्या तर अर्धं काम फुकटात होतं.

काडीने पुसणं, आणि माझी एक चूक

मोजके पुंजके असतील तर इअरबड मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये बुडवून एकेका पुंजक्यावर टेका. मेण विरघळतं, ढेकूण जागेवर तपकिरी पडतो. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा. आणि तुळशीपाशी दिवा लावायच्या वेळी हे काम काढू नका, स्पिरिट पेट घेतं.

पण पुसण्याआधी नीट बघा. चौथ्या-पाचव्या वर्षी मी एका दुपारी असे पंचवीसेक "मोठे ढेकूण" मारले. अंगावर लांब लांब पांढऱ्या झालरी, नेहमीच्या ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट आकार. मला वाटलं, या म्हाताऱ्या माद्या. एक भाच्याला दाखवायला म्हणून फांदीसकट जॅमच्या बाटलीत घालून तोंडाला मलमल बांधून ठेवला. दोन-तीन आठवड्यांनी बाटलीत ढेकूण एकही नव्हता. काचेवर एक काळपट भुंगेरा चालत होता, डोकं नारिंगी. तो क्रिप्टोलेमस. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियातला, भारतात १८९८ साली कॉफीवरच्या किडीसाठी मुद्दाम आणलेला. त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते आणि ढेकणांच्या गर्दीत शिरून त्यांनाच खाते. मी माझी फुकटची फौज स्पिरिटने पुसून टाकली होती.

फरक ओळखायला सोपा आहे. काडीने डिवचा. ढेकूण बसून राहतो किंवा रेंगाळत सरकतो. अळी लगबगीने पळते. तिच्या अंगावरच्या झालरी लांब आणि विस्कटलेल्या असतात. शिवाय काही ढेकूण तपकिरी, फुगलेले, कडक आणि बारीक भोक पडलेले दिसले तर तेही राहू द्या. त्यांच्या आत परोपजीवी माशी वाढून बाहेर पडली आहे. ही माशी काय करू शकते ते पपईवरच्या ढेकणाच्या वेळी देशाने बघितलं आहे. तो ढेकूण २००८ साली कोईमतूरकडे पहिल्यांदा सापडला. पपईबरोबर तुती, टॅपिओका आणि जास्वंदीवरही पसरला आणि रसायनांना दाद देईना. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून अॅसरोफॅगस नावाची डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी आणून सोडली, तेव्हा तो आटोक्यात आला. अशा माश्या आपल्या खिडकीतही येतात. जालीम फवारणीत ढेकणांआधी त्या मरतात, आणि मग वाचलेल्या ढेकणांना रान मोकळं मिळतं.

झाडावर ढालकिड्याच्या अळ्या असतील तर फवारणी थांबवा. मुंग्या रोखा आणि दोन आठवडे वाट बघा.

छाटणी

गुच्छ झालेले शेंडे वाचत नाहीत. त्या चुरगळलेल्या पानांच्या आत पाणी, साबण, तेल काहीही पोचत नाही, आणि नवी पिल्लं तिथूनच बाहेर येतात. लोकांना फांदी कापवत नाही, हे परत परत कीड येण्याचं दुसरं मोठं कारण. गुच्छाच्या खाली दोन-तीन पेरं सोडून निरोगी भागात कापा. कापलेलं सरळ बादलीतल्या साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, मग ओल्या कचऱ्यात टाका. सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात जिवंत फांद्या टाकल्या तर ढेकूण तिथून चालत निघतील.

वेळेचं गणित ठेवा. छाटल्यावर फुलं यायला दीड-दोन महिने लागतात. गणपतीला घरची लाल जास्वंद वाहायची असेल तर जोरदार छाटणी जूनमध्येच उरका. ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्यांना मी फक्त गुच्छ काढून देते आणि दादरच्या फूलबाजाराचा रस्ता दाखवते.

साबणाचं पाणी, आणि पाणी कुठलं

एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिली, साधा द्रव साबण. कपड्यांची पावडर नको, ब्लीच किंवा जंतुनाशक मिसळलेला साबण नको. संध्याकाळी पानांच्या पाठीपासून सुरुवात करून झाड ओलंचिंब करा आणि दोन तासांनी साध्या पाण्याने धुवा. साबण किडीच्या अंगाला ओला लागला तरच मारतो, वाळला की संपला. म्हणून वरवर शिडकावा करून उपयोग नाही.

आता एक गोष्ट जी मला तीन उन्हाळ्यांनी कळली. महापालिकेचं पाणी तलावांचं, तानसा-भातसा-वैतरणेचं, मऊ. त्यात साबण छान फेसाळतो. पण मे महिन्यात सोसायटीत टँकर यायला लागतात आणि ते बरेचदा बोअरचं, जड पाणी असतं. त्यात साबण फाटतो, दह्यासारख्या कण्या होतात आणि कीड मारायला काही उरत नाही. वर पानांवर पांढरट थर बसतो तो वेगळाच. त्यामुळे एप्रिलपर्यंत चालणारा उपाय मेमध्ये "बंद पडतो" आणि आपण साबण बदलत बसतो. बाटलीत थोडं पाणी आणि दोन थेंब साबण घालून हलवा. फेस टिकला तर वापरा, कण्या दिसल्या तर प्यायच्या पाण्यातलं लिटरभर काढा. नाहीतर रिठे भिजवा. रिठ्याचं पाणी बोअरच्या पाण्यातही फेसाळतं. माझ्या आजीने केस धुवायला जन्मभर वापरलं, मी जास्वंदीला वापरते.

निंबोळी तेल

लोक इथूनच सुरुवात करतात. मी इतकं खाली ठेवलंय कारण वरचं काही न करता हे मारलं तर पंधरा दिवसांची सुटका मिळते, बस.

पाच मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली द्रव साबण आधी वाटीत एकत्र घोटा, मग लिटरभर कोमट पाणी थोडं थोडं ओता. दुधासारखं व्हायला हवं. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर ते मिसळलेलं नाही. फवाऱ्याची नळी बाटलीच्या तळातून ओढते, त्यामुळे पहिल्या झाडांना नुसतं पाणी मिळतं आणि शेवटच्या झाडाला निव्वळ तेल. ते शेवटचं झाड करपतं. फवारताना बाटली सारखी हलवत राहा.

तयार औषध आणलंत तर बाटलीवर पीपीएमचा, म्हणजे आतल्या मुख्य घटकाच्या प्रमाणाचा, आकडा असतो, ३००, १५०० किंवा १००००. तिन्हींचं प्रमाण वेगळं. जे लेबलवर आहे तेच घ्या. शेजारणीने सांगितलेलं प्रमाण तिच्या बाटलीचं असतं.

सहा वाजल्यानंतर फवारा. कडुनिंबातला अॅझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतो आणि तापलेल्या पानावर तेल बसलं की पान भाजतं. पूजेची फुलं त्या दिवशी सकाळीच तोडून घ्या. उमललेल्या फुलांवर मारू नका, शिंजीर चोच घालायला येतात. आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे चुकीचं आहे. लहान मुलाच्या पोटात निंबोळी तेल गेलं तर ते गंभीर ठरू शकतं.

मुख्य मुद्दा आकड्यांचा. मादी कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. त्या पिशवीत साबण किंवा तेल फारसं शिरत नाही. अंडी साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात आणि अंगावर मेण चढेपर्यंत पिल्लं उघडी असतात. म्हणून सात दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारण्या. पहिलीनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि सगळे तिथेच थांबतात. कॅलेंडरवर तिन्ही तारखांना गोल करा, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

तंबाखूचं पाणी वापरू नका. निकोटिन हे विषच आहे, ते आपल्या त्वचेतूनही आत जातं. आंबट ताकाने ढेकणांचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही, वास मात्र तीन दिवस टिकला.

खत जास्त होतंय का?

दर रविवारी मोहरीच्या पेंडीचं पाणी, मध्येच युरियाचे दाणे, वर केळीच्या सालींचं पाणी. एवढ्याने झाडाला लुसलुशीत फुटवे येतात आणि तेच ढेकणाला सगळ्यात आवडतात. नत्र भरपूर मिळालं की त्याची वीणही वाढते. कीड असेपर्यंत पेंड बंद. नंतर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरतं.

कुंडी उलटी करायची वेळ

तीनही फवारण्या नेमाने झाल्या, मुंग्या थांबल्या, तरी झाड पाणी घालूनही मलूल असेल, तर मुळांवरचा ढेकूण असू शकतो. मातीचा गोळा अख्खा बाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला पिठाचे ठिपके दिसले तर कारण सापडलं. वरून मारलेलं तिथे पोचतच नव्हतं.

माती झटका, मुळं बादलीतल्या पाण्यात हळूहळू धुवा, काळी पडलेली मुळं कापा. कुंडी कढत पाण्याने घासा. नवी माती भरताना लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. आठवडाभर सावलीत ठेवा. हे काम पहिल्या पावसानंतर करा, मेमध्ये झाड मरतं. मी स्वतः एक मारलं आहे.

पावसाळ्यातला आणखी एक उपाय म्हणजे लेकॅनिसिलियम, जुन्या नावाने व्हर्टिसिलियम लेकॅनी. ही कीड मारणारी बुरशी शेतीच्या औषधांच्या दुकानात भुकटीच्या रूपात मिळते. साधारण पाच ग्रॅम लिटरला, पण लेबल बघूनच. तिला दमट हवा लागते, जी आपल्याकडे जूनपासून फुकट आहे. एप्रिलच्या कोरड्या उन्हात पैसे वाया जातात. तिच्या आगेमागे कुठलंही बुरशीनाशक मारायचं नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

ढेकूण वरून पडतोय असं दिसलं, म्हणजे खिडकीलगतच्या मोठ्या झाडाच्या फांद्या पांढऱ्या झाल्यात आणि खालच्या गाड्या चिकट होतात, तर तुमच्या कुंडीवरचे सगळे उपाय तात्पुरतेच. मागच्या दशकात मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष असेच ढेकणांनी शोषून वाळले. अशा झाडाला स्वतः हात लावू नका. फांदी तोडायलाही १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडे संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. सोसायटीच्या लेटरहेडवर, फोटो जोडून, वॉर्डातल्या उद्यान विभागाकडे अर्ज द्या.

ग्रिलबाहेर लटकलेल्या कुंडीपर्यंत हात पोचत नसेल तर स्टुलावर चढून वाकू नका. माळी बोलवा, कुंडी आत घेऊ द्या.

घरी झुरळांचं पेस्ट कंट्रोल करायला आलेला मुलगा "झाडांवर पण मारून देतो ताई" म्हणेल. नको म्हणा. त्याचं औषध स्वयंपाकघराच्या फटींसाठी आहे, आणि जास्वंदीशेजारी कढीपत्ता असतो, पुदिना असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात सुटं, बिनलेबलचं औषध देऊ केलं तर तेही नको. पूर्वी सर्रास मिळणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. रसायनापर्यंत जायची वेळ आलीच, तर आधी किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा, सकाळी सहा ते रात्री दहा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, आणि खिडकीतल्या एका कुंडीसाठी फोन केला म्हणून मला कोणी हसलं नाही. फवारणीनंतर कुणाला चक्कर, उलट्या, श्वासाचा त्रास झाला तर फोन डॉक्टरला, आणि बाटली बरोबर घेऊन जा.

आणि कधी कधी झाड टाकून द्या. खोड नखाने खरवडल्यावर आत हिरवं दिसत नसेल, किंवा दोन महिने सगळं नेमाने करूनही प्रत्येक पेरावर कापूस असेल, तर ते एक झाड उरलेल्या चारांना बुडवणार. दोन निरोगी फांद्या मिळाल्या तर त्या साबणाच्या पाण्याने धुवून कलम म्हणून लावा. बाकीचं मोठ्या पिशवीत बांधून बाहेर काढा. माती मेच्या उन्हात गच्चीवर प्लास्टिकखाली महिनाभर तापवा. त्या कुंडीत वर्षभर जास्वंद नको. मी गवती चहा लावते; ढेकूण त्याच्या वाटेला अजून तरी गेलेला नाही, आणि पावसाळ्यात चहाला घरचीच पात मिळते.